संगीत आलं कुठून, आणि ते ऐकून आपल्याला काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी तबला शिकवतो. क्लास सुटल्यावर चपला घालता घालता पालक जे विचारतात, किंवा कुठे शाळा-कॉलेजात बोलायला गेलो की चहाच्या वेळी जे प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत. जिथे संशोधकांचं एकमत नाही तिथे तसं सांगितलं आहे, आणि माझा कल कुणीकडे आहे तेही लपवलेलं नाही.

माणूस गायला नेमका कधी लागला?

हे कुणालाच सांगता येत नाही. गळा मातीत टिकत नाही आणि टाळीचा अवशेष राहत नाही. हाड मात्र टिकतं, म्हणून सगळा हिशेब हाडापासून सुरू होतो.

जर्मनीच्या नैर्ऋत्य भागात श्वेबियन जुरा नावाची डोंगररांग आहे. तिथल्या होले फेल्स गुहेत २००८ साली गिधाडाच्या पंखाच्या हाडाची बासरी सापडली. बारा तुकडे झाले होते. ते जोडल्यावर जवळजवळ २२ सेंटिमीटर लांबीची, बोटांसाठी पाच भोकं असलेली आणि फुंकायच्या टोकाला खाच पाडलेली बासरी तयार झाली. वय साधारण ४०,००० वर्षं.

मला त्याहून नवल वाटतं ते जवळच्याच गाइसेनक्लोस्टर्ले गुहेतल्या बासरीचं. ती मॅमथच्या, म्हणजे हिमयुगातल्या केसाळ हत्तीच्या, सुळ्याची आहे. पक्ष्याचं हाड आयतंच पोकळ मिळतं, सुळा भरीव असतो. तो उभा चिरायचा, दोन्ही अर्धे आतून कोरायचे आणि मग फुंकर कुठूनही निसटणार नाही इतके नेटके पुन्हा जोडायचे. सहज सुचलं म्हणून कुणी हे करत नाही. ज्याला हाडाची बासरी चांगली ठाऊक आहे आणि तरी वेगळा नाद हवा आहे, तोच इतका खटाटोप करील. म्हणजे ४०,००० वर्षांपूर्वीसुद्धा हा उद्योग नवा नव्हता.

म्हणजे बासरी हे पहिलं वाद्य?

नाही. ते टिकलेलं पहिलं वाद्य. बोरू, बांबू, कातडं, पोकळ ओंडका यांतलं काहीही एवढा काळ राहत नाही. आणि टाळी, मांडी, छाती ही वाद्यं तर माणसाबरोबरच जातात.

निअँडरथल माणसाचीही बासरी सापडली आहे म्हणतात. खरं का?

वाद चालू आहे. स्लोव्हेनियातल्या दिव्ये बाबे गुहेत १९९५ साली अस्वलाच्या पिल्लाचं मांडीचं हाड मिळालं. त्यावर दोन पूर्ण भोकं आहेत. शोधणारे इव्हान तुर्क म्हणतात बासरी. विरोधक म्हणतात तरसासारख्या प्राण्याने चावलेलं हाड. त्याच्या प्रतिकृतीवर लोकांनी सुरेल धुना वाजवून दाखवल्या आहेत, पण त्यातून वाजवणाऱ्याचं कौशल्य सिद्ध होतं, हाडाचा इतिहास नाही. हुशार वादक सायकलच्या पंपातूनही सूर काढतो.

भारतात इतकं जुनं काही आहे का?

इतकं जुनं नाही. पण कर्नाटकात बळ्ळारीजवळ कुपगल-संगनकल्लू इथे नवाश्मयुगातली एक टेकडी आहे. तिथल्या काळ्या डोलेराइटच्या काही शिळांवर दगड आपटला की घंटेसारखा खणखणीत नाद येतो. त्यांच्यावर ठोकून ठोकून पडलेले खळगे आहेत आणि आसपास बैलांची, माणसांची कोरीव चित्रं आहेत. नाट्यशास्त्र लिहिणाऱ्या भरताने वाद्यांची तत (तारेची), सुषिर (फुंकायची), अवनद्ध (कातड्याची) आणि घन (आपटून वाजणारी) अशी वर्गवारी केली, त्याच्या कितीतरी आधीचं हे घनवाद्य म्हणायला हरकत नाही.

आधी भाषा की आधी गाणं?

इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरने १८५७ साली मांडलं की बोलणं आधी. राग, दुःख, आनंद यांनी आवाज चढतो-उतरतो, त्याचंच पुढे गाणं झालं. चार्ल्स डार्विनने १८७१ साली नेमकं उलटं म्हटलं. आधी पक्ष्यांसारखं सुरांनी जोडीदाराला भुलवणं, शब्द त्यातून नंतर. आज बऱ्याच जणांना वाटतं की दोघांचा पूर्वज एकच असावा, धड बोलणं नाही आणि धड गाणं नाही असं काहीतरी. तान्ह्या बाळाशी आपण जे बोलतो ते ऐकून बघा. “अगं बाई, कोण आलं, कोण आलं” यातला अर्थ बाळाला कळत नाही, चढउतार मात्र पुरता कळतो.

पण संगीताचा उपयोग काय? भूक भागत नाही, वाघ पळत नाही.

प्रश्न डार्विनलाही छळत होता. त्याचं उत्तर वर आलंच, जोडीदार मिळवणं. ते मोराला लागू पडतं. पण भजनी मंडळाला, शाळेच्या प्रार्थनेला किंवा जात्यावर एकटीच गाणाऱ्या बाईला ते कसं लावायचं?

दुसऱ्या टोकाला मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर. १९९७ साली त्याने म्हटलं की संगीत हे कानाचं चीजकेक. आपल्याला गोड आणि स्निग्ध आवडतं त्याला कारण आहे, पण केक आवडावा म्हणून आपण घडलो नाही. तसंच भाषा, भावना, हालचाल यांसाठी बनलेल्या मेंदूच्या कळा संगीत एकदम दाबतं, एवढंच. पुष्कळ संगीतकार यावर चिडले. मला त्यात थोडं तथ्य वाटतं. श्रीखंड निसर्गात मिळत नाही म्हणून ते खोटं ठरत नाही.

२०२१ साली एका नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन मोठे लेख आमनेसामने आले. एका गटाचं म्हणणं, संगीताने माणसं एकमेकांना बांधली जातात, म्हणून ते रुजलं. दुसऱ्या गटाचं म्हणणं, बांधणं हा परिणाम झाला, कारण नव्हे. गाणं ही खात्रीची खूण आहे. आई गाते तेव्हा बाळाला कळतं की तिचं लक्ष आपल्याकडेच आहे. टोळी एका ठेक्यात गर्जते तेव्हा शेजारच्या टोळीला कळतं की हे लोक एकजुटीचे आहेत, मुरलेले आहेत.

माझा कल सांगायचा तर, संगीत ही एकच गोष्ट आहे असं धरून तिचा एकच उगम शोधणं हीच गफलत. सूर ओळखणं, ठेका धरणं, भावना ऐकून कळणं, या वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या गोष्टी असाव्यात. त्यांपैकी माणसात खरोखर वेगळी दिसते ती मात्र ठेका धरण्याची गोष्ट. त्याबद्दल खाली जरा सविस्तर लिहितो.

ठेका ऐकला की पाय आपोआप का हलतो?

कारण आपण ठोका ऐकून हलत नाही. ठोक्याची वाट बघत असतो.

मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक गतीने टिकटिक करणारं यंत्र, लावा, सेकंदाला एक ठोका. त्याबरोबर टेबलावर बोट आपटा आणि दोन्ही आवाज रेकॉर्ड करा. बहुतेकांचं बोट ठोक्याच्या किंचित आधी पडतं, सेकंदाच्या काही शतांश भाग आधी. ऐकून मग आपटलं असतं तर उशीर झाला असता. म्हणजे पुढचा ठोका कधी येणार हे मेंदूने अगोदरच बांधलेलं असतं.

हातपाय अजिबात न हलवता नुसतं ऐकत पडलेल्या माणसांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या, तरी हालचालीची तयारी करणारे भाग जागे झालेले दिसतात. मेंदूत खोलवर असलेला बेसल गँग्लिया हा त्यांतला महत्त्वाचा. पार्किन्सन आजारात त्याच यंत्रणेत बिघाड होतो. पाऊल अडखळतं, जमिनीला चिकटल्यासारखं होतं. अशा रुग्णांना नियमित ठेका ऐकवला तर पुष्कळांची चाल सुधारते. बाहेरचा ठोका आतल्या घड्याळाच्या मदतीला येतो.

हे शिकवण्याने येतं का? २००९ साली हंगेरी आणि नेदरलँड्सच्या संशोधकांनी दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ड्रमचा ठेका ऐकवला आणि मेंदूचे विद्युत संकेत टिपले. मधला एखादा दुय्यम ठोका गाळला तर बाळांना फरक पडला नाही. पहिला, जोराचा ठोका गाळला की मेंदूने दखल घेतली. आपल्या भाषेत, सम चुकलेली त्या जिवाला झोपेत कळली. मला शिकाऊ मुलांच्या बाबतीत हे घडवायला सहा महिने लागतात, ते सोडा.

मग समेवर सगळ्यांची मान एकदम कशी हलते?

वरच्याचंच हे पुढचं पाऊल. तीनतालाच्या सोळा मात्रा फिरून पुन्हा पहिलीवर येतात, ती सम. वाजवणारा तिहाई घेतो, म्हणजे एकच बोल तीनदा, असा मोजून की तिसऱ्याचा शेवटचा ‘धा’ नेमका समेवर पडावा. पहिल्या वेळी श्रोत्याला अंदाज येतो. दुसऱ्या वेळी खात्री होते. तिसऱ्या वेळी तो वादकाबरोबर मनात वाजवत असतो. ‘धा’ पडला की अख्खी बैठक एका क्षणी माना हलवते, आणि त्यात ताल न शिकलेलेही असतात. तीनशे माणसं एकाच क्षणाची वाट बघत होती आणि तो क्षण सगळ्यांना एकदम मिळाला. व्याख्यानाने हे होत नाही, मी अनुभवाने सांगतो.

अंगावर काटा येतो तो का?

केस उभे करणाऱ्या बारीक स्नायूंचं ते काम. थंडीत किंवा भीतीने फुलतात तेच. गाण्याने ते का फुलावेत हे पूर्ण उलगडलेलं नाही, पण मेंदूत त्या वेळी काय होतं ते बरंच कळलं आहे. मॉन्ट्रियलमध्ये २०११ साली लोकांना त्यांचं आवडतं वाद्यसंगीत ऐकवून डोपामिन, म्हणजे सुख आणि ओढ यांच्याशी जोडलेलं मेंदूतलं रसायन, मोजलं. काटा येण्याच्या क्षणी ते मेंदूच्या एका भागात वाढलं आणि आवडती जागा येण्याच्या आधी, ती जवळ येते आहे अशा सेकंदांत, दुसऱ्या भागात वाढलं. पुढे एका प्रयोगात डोपामिन वाढवणारं औषध दिलं तर संगीताचा आनंद वाढला, त्याचा परिणाम रोखणारं दिलं तर घटला. निव्वळ योगायोग असता तर असं झालं नसतं.

ऐकून ऐकून पाठ झालेली रेकॉर्डसुद्धा रोमांच का देते याचं उत्तर यात आहे. ती जागा कुठे येणार हे माहीत असतं म्हणूनच.

आरती नेहमी शेवटी जलद का होते?

हा माझा लाडका प्रश्न. पहिलं कडवं निवांत, तिसऱ्यापर्यंत टाळ्या पुढे पळायला लागतात आणि झांजवाला मुलगा तर केव्हाच निघून गेलेला असतो.

वरचा बोटाचा प्रयोग आठवा. प्रत्येकाची टाळी जराशी आधी पडते. वीस माणसं एकमेकांकडे कान देऊन टाळ्या वाजवतात तेव्हा प्रत्येक जण सगळ्यात लवकर पडलेल्या टाळीशी जुळवून घेतो. त्याहून जराशी आधी पुढची. लय चढतच जाते. मंडळींचा उत्साह आणि समोरचे मोदकही हातभार लावतातच. लय धरून ठेवायची असेल तर टाळ्या थांबवून एकच झांज, तीही घरातल्या सगळ्यात शांत माणसाच्या हातात द्या.

कामाच्या वेळी गाणी का म्हणतात?

दोन माणसं एक जड वस्तू उचलणार असतील तर दोघांनी एकाच क्षणी जोर लावायला हवा. ‘हैया हो’ त्यासाठी. वल्हं, नांगर, मोट, मुसळ, सगळीकडे तेच. पण जातं वेगळं आहे. खुंट्याला दोघी असल्या तर ओवी दोघींचा जोर जुळवते हे खरं, पण एकटी दळणारीही गातेच. पहाटेच्या अंधारात, डाव्या हाताने वैरण टाकत, उजव्याने खुंटा ओढत. फेऱ्याची घरघर हाच तिचा तानपुरा आणि तोच ठेका. तिथे गाणं हाताला लय देतं, आणि जे कुणाला सांगता येत नाही ते जात्याला सांगायला जागाही देतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या गावोगावी फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. भाऊ, सासर, पंढरपूर, बाबासाहेब, सगळे त्यात आहेत. पीठगिरणी आली आणि दळण गेलं. त्या बायकांना आता खुर्चीत बसवून ओवी म्हणायला सांगितलं तर काहींना ती आठवत नाही, हात फिरवायला लागल्या की आठवते. हे मी माझ्या आजीच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलं आहे. रिकाम्या जमिनीवर हाताचा फेरा चालू केला आणि सात ओव्या सलग आल्या.

अंगाईने बाळ झोपतं, ते आईच्या आवाजामुळे की गाण्यामुळे?

दोन्हींमुळे. पण गाण्याचा वाटा वेगळा काढून दाखवता आला आहे. अमेरिकेतल्या तान्ह्या बाळांना २०२१ च्या एका अभ्यासात अनोळखी आवाजात, परक्या भाषांतल्या अंगाया ऐकवल्या. इतर गाण्यांच्या तुलनेत त्यांच्या हृदयाचे ठोके जास्त मंदावले. मोठ्यांनाही जगाच्या भलत्याच कोपऱ्यातलं गाणं ऐकवून हे कशाचं असं विचारलं, तर अंगाई आणि नाचाचं गाणं ते बऱ्यापैकी ओळखतात.

म्हणजे संगीत जगभर सारखंच?

संगीत सगळीकडे आहे, हे खरं. सॅम्युएल मेर आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली ३१५ समाजांच्या नोंदी तपासल्या, संगीत नाही असा एकही निघाला नाही. मात्र कोणतं संगीत कुठे असेलच याची हमी नाही. पॅराग्वेमधल्या उत्तरेकडच्या आचे लोकांत नाच नाही आणि बाळासाठी गाणंही नाही. अभ्यासकांच्या मते ते त्यांच्याकडे होतं आणि हरवलं. अंगाई श्वासासारखी आपसूक असती तर हरवली नसती. तीही कुणीतरी कुणालातरी द्यावी लागते.

सा आणि प एकत्र गोड का लागतात?

पंचमाची (प) कंपनं षड्जाच्या (सा) दीडपट असतात, ३:२. त्यामुळे दोघांचे उपस्वर, म्हणजे मूळ सुराबरोबर आपोआप वाजणारे वरचे बारीक सूर, बऱ्याच ठिकाणी एकमेकांवर बसतात, घासत नाहीत. तबल्याची शाई, म्हणजे पुडीवरचा काळा गोल, हेच करते. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर विस्कळीत असतात, मध्ये शाईचे थर चढवले की ते सुराच्या ओळीत येतात. १९२० साली सी. व्ही. रामन यांनी हे दाखवलं. आपल्या कारागिरांना गणित नको होतं, कान पुरला.

पण भौतिकशास्त्र म्हणजे आवड नव्हे. बोलिव्हियाच्या जंगलातल्या त्सिमाने लोकांना २०१६ च्या अभ्यासात सुसंवादी आणि विसंवादी स्वरमेळ ऐकवले. त्यांना फरक कळला, पण दोन्ही सारखेच बरे वाटले. त्यांच्या गाण्यात एकाच वेळी दोन सूर लावायची रीतच नाही. तानपुऱ्याच्या जवारीत, म्हणजे त्याच्या तारांच्या भरदार झंकारात, वाढलेला आपला कान वेगळा.

राग न शिकलेल्याला रागातला भाव कळतो का?

बराचसा. १९९९ साली कॅनडात हिंदुस्थानी संगीत न ऐकलेल्यांना राग ऐकवले. आनंद, दुःख आणि राग (म्हणजे क्रोध) त्यांनी ओळखले, मुख्यतः लय आणि सुरावटीच्या गुंतागुंतीवरून. शांत मात्र ओळखता आला नाही. मला यात नवल वाटलं नाही, शांत रस आपल्यालाही उशिरा कळतो. अमुक रागाने अमुक आजार बरा होतो अशा याद्या फिरतात, त्या फक्त पुढे पाठवायच्या असतात.

दुःखाचं गाणं ऐकून बरं कसं वाटतं?

कारण तुमचं काही गेलेलं नसतं. शोक आणि करुण रस यांत आपल्याकडे जुन्या काळापासून फरक केला आहे. शोक आपला असतो, करुण सगळ्यांचा.

गर्भावर संगीताचे संस्कार होतात का? मोझार्टने बुद्धी वाढते का?

शेवटच्या तीन महिन्यांत गर्भाला ऐकू येतं, आणि ऐकलेलं जन्मल्यावर ओळखूही येतं. त्यापुढचे दावे विक्रेत्यांचे. मोझार्टचं खूळ निघालं ते १९९३ च्या एका छोट्या प्रयोगातून. त्यात बाळं नव्हतीच, कॉलेजची मुलं होती. एका प्रकारच्या कोड्यात थोडी सुधारणा झाली आणि ती पाव तासात ओसरली. आईला जे आवडतं ते तिने ऐकावं. पोटावर स्पीकर लावू नका.

प्राण्यांना ठेका कळतो का?

फारच थोड्यांना. स्नोबॉल नावाच्या काकाकुव्याचं उदाहरण गाजलं. संगीत आणि मेंदूचे अभ्यासक अनिरुद्ध पटेल आणि सहकाऱ्यांनी गाण्याची गती कमी-जास्त करून पाहिली, तो बऱ्याचदा जुळवून घेत होता. पटेलांचा कयास असा की ऐकून आवाज शिकणाऱ्या जीवांनाच हे जमतं. मग २०१३ साली रोनन नावाच्या समुद्रसिंहाच्या मादीने अचूक मान डोलावून त्या कयासाला धक्का दिला. आसामातले हुलॉक गिबन (बिनशेपटीचे वानर) नर-मादी मिळून गातात, पण ते गाणं त्यांना शिकावं लागत नाही, जन्मजात येतं. कुत्र्याला मात्र हजारो वर्षं आपल्याबरोबर राहून ठेका सापडलेला नाही. तो पेटीबरोबर रडतो, तेवढंच.

मी बेसूर आहे. मला संगीत कळत नाही असं समजायचं का?

डार्विनलाच विचारा. त्याला साधी धून गुणगुणता येत नव्हती, ताल धरता येत नव्हता, बेसूर ओळखता येत नव्हतं. केंब्रिजमधले मित्र ओळखीची धून जरा जलद किंवा संथ वाजवून त्याची फजिती करत. आणि तरी चॅपलमधलं समूहगान ऐकताना आपल्या पाठीच्या कण्यातून शिरशिरी जाते असं त्यानेच लिहून ठेवलं आहे. सूर लागणं आणि सूर लागून जाणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उलट प्रकारही असतो. काही थोड्या लोकांना सूर-ताल उत्तम कळतो, जेवण, पैसा, सहवास सगळं आवडतं, फक्त संगीताने काहीच होत नाही. तो आजार नाही. त्यांना मैफलीला ओढून नेऊ नका.

पक्षाघातानंतर बोलता न येणारा माणूस गाऊ शकतो, हे कसं?

बोलण्याचं केंद्र बहुतेकांच्या मेंदूत डावीकडे असतं, गाण्याला उजव्या बाजूचाही आधार मिळतो. डावीकडे इजा झालेल्या काहींना ‘पाणी’ म्हणता येत नाही, पण पाठ असलेली आरती शब्दांसकट येते. त्यावरून १९७० च्या दशकात सूर आणि हाताचा ठेका वापरून शब्द परत आणण्याची उपचारपद्धती निघाली. सगळ्यांना गुण येत नाही. वाचा-उपचारतज्ज्ञाला विचारून करा.

मुलगी तीन वर्षांची आहे, ताल अजिबात धरत नाही. क्लासला घालू का?

अजून नको. या वयात मुलांचा स्वतःचा एक जलद ठेका असतो आणि बाहेरच्याशी जुळवून घेणं कठीण जातं. लाइपझिगमध्ये २००९ साली अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांना ढोल दिले. एकदा आवाज स्पीकरमधून आला, एकदा यंत्राने ढोल वाजवला, एकदा समोर माणूस बसला. माणसाबरोबर मुलांनी सगळ्यात चांगलं जुळवून घेतलं, अगदी अडीच वर्षांच्यांनीसुद्धा. तेव्हा मोबाइलवरचा ठेका बंद करा. दोन पातेली उपडी घाला, एक तिच्यापुढे, एक तुमच्यापुढे, आणि सुरुवात तिच्या लयीने करा.